तुम्ही विचारलेत म्हणून : त्या मातीच्या ट्रॅकवर एवढे काय होते?

नाशिकमधील तरुण मोटारसायकल रायडर भेटले की मला एक प्रश्न हटकून विचारतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०२३ साली मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यतसुद्धा होऊन गेली. असे असताना मखमलाबाद शिवारातल्या, कधीच बंद पडलेल्या एका मातीच्या ट्रॅकबद्दल तुम्ही अजून एवढ्या जिव्हाळ्याने का बोलता? त्या ट्रॅकवर गाडीइतकीच माती ओळखावी लागे आणि ती माती तयार करण्यात शेतकऱ्यापासून कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरपर्यंत अनेकांचे हात लागलेले असत, एवढे उत्तर मी उभ्या उभ्या देतो. ते अपुरे आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपल्याकडची काळी जमीन द्राक्षांना आणि गव्हाला कितीही मानवत असली, तरी शर्यतीला ती निरुपयोगी असते. पाणी प्याल्यावर ती फुगते, वाळल्यावर भेगाळते आणि ओली असताना चाकाला इतकी चिकटते की मडगार्डखाली चिखलाचा गोळा होऊन चाक फिरेनासे होते. म्हणून तिच्यावर मुरूम पसरावा लागे. मुरूम म्हणजे झिजून सुटा झालेला बेसाल्टच. पण सगळा मुरूम सारखा नसतो. खड्याचे प्रमाण जास्त असेल तर वळणावर पुढचे चाक सरकते, आणि मातीचे प्रमाण जास्त असेल तर दुपारपर्यंत त्याचे पीठ होऊन मागच्या रायडरला पुढचे काही दिसत नाही. मूठभर मुरूम हातात घेऊन, त्यावर थोडे पाणी टाकून, दाबून पाहून ‘हा बसेल’ किंवा ‘हा उडेल’ असे सांगणारी माणसे तिथे होती, आणि त्यांचा शब्द सहसा चुकत नसे. पाणीही शर्यतीच्या सकाळी मारून चालत नसे, कारण तेव्हा नुसता वरचा थर निसरडा होतो. आदल्या संध्याकाळी टँकरने सावकाश भिजवून, रात्रभर मुरू देऊन, पहाटे रोलर फिरवला तरच पृष्ठभाग दिवसभर धरून राहत असे.

खरी गंमत त्यानंतर सुरू होई, आणि ती मला जवळून पाहायला मिळाली, कारण मी बहुतेक शर्यतींत दुसऱ्या वळणावर धोक्याची सूचना देणारा पिवळा झेंडा घेऊन उभा असे. डांबरी ट्रॅकवर वळण घेण्याची उत्तम रेषा दिवसभरात फारशी हलत नाही. मातीवर ती दर फेरीला हलते. सकाळच्या पहिल्या शर्यतीत वळणाची आतली बाजू सर्वांत जवळची आणि वेगवान असे. पण मागची चाके माती बाहेर फेकत राहत आणि दुपारपर्यंत बाहेरच्या कडेला गुडघाभर उंचीचा बांध तयार होई. त्या बांधाला चाक टेकवून गाडी पूर्ण आडवी करता येत असे, आणि मग लांबचा रस्ता धरणारा रायडर आतून जाणाऱ्याला वळण संपताना मागे टाकत असे. वळणाआधी सगळे एकाच जागी ब्रेक मारत असल्यामुळे तिथे आडव्या लाटा उठत; त्या टाळण्यासाठी कोणी ब्रेक आधी मारी, तर कोणी पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहून, अंग सैल सोडून त्यांच्यावरून तसाच गाडी नेई. चांगले रायडर दोन शर्यतींच्या मधल्या वेळात सावलीला बसत नसत. ते ट्रॅकवरून चालत जात, बुटाच्या टाचेने माती उकरून पाहत आणि पुढच्या शर्यतीची रेषा मनात नक्की करत. ताकदवान गाडीवाल्याला एखाद्या साध्या गाडीवाल्याने निव्वळ रेषा ओळखून हरवल्याचे मी तिथे वारंवार पाहिले आहे, आणि माझ्या जिव्हाळ्याचे मूळ त्या दृश्यात आहे.

त्या साध्या गाड्या बहुधा यामाहा आर एक्स १०० असत. १९८५ साली आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी ११ अश्वशक्ती देत असे आणि तिचे वजन साधारण शंभर किलो होते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, व्हॉल्व्हची यंत्रणा नसते, आणि म्हणूनच कानस चालवता येणाऱ्या माणसाला त्यातून जास्त ताकद काढता येते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये अशा माणसांची वाण कधीच नव्हती. पाळी संपवून आलेला टर्नर एखाद्या मेकॅनिकच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत बसे. धूर बाहेर पडण्याचे छिद्र, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, घासणे, इंजिनाचे हेड पातळ करून कॉम्प्रेशन वाढवणे, पत्र्याचे कोन जोडून एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे ताकद वाढवणारा फुगीर धुराचा पाइप, वेल्ड करणे, कार्बोरेटरला मोठा जेट आणि मागे जास्त दातांचे स्प्रॉकेट बसवणे, अशी कामे चालत. पोर्ट थोडा जास्त घासला गेला किंवा पेट्रोलच्या मिश्रणात तेल कमी पडले, तर पिस्टन सीझ होई, म्हणजे आतच अडकून बसे, आणि ब्लॉक पुन्हा बोअरिंगला जाई. अंगावरचा पोशाखही कारखान्यातूनच आलेला असे : सेफ्टी शूज, चामडी हातमोजे, पोटऱ्यांना फुटबॉलचे पॅड. हेल्मेटबाबत मात्र तडजोड नव्हती. पट्टा न लावलेल्याला सुरुवातीच्या रेषेवरून परत पाठवले जाई, मग तो कोणाचाही मुलगा असो.

प्रेक्षक आजूबाजूच्या गावांतून येत. जत्रेतल्या शर्यतींत बैलांची पारख करण्यात ज्यांची हयात गेली होती, ती वडीलधारी माणसे बांधावर बसून गाड्यांचीही तशीच पारख करत. सुरुवातीला कोण उसळतो यापेक्षा शेवटच्या फेरीत कोणाचा दम टिकतो, इकडे त्यांचे लक्ष असे.

शेजारी द्राक्षबागा होत्या, आणि हा भाग मला विशेष सांगावासा वाटतो. घडांवर धूळ बसली की मालाचा दर्जा आणि भाव दोन्ही उतरतात. त्यामुळे शर्यती बागा खाली झाल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत घेण्याचा अलिखित करार होता, आणि तो पाळला जाई म्हणूनच फवारणीचे ट्रॅक्टर आणि टाक्या बागाईतदार स्वतः पाण्यासाठी देत. पण एप्रिल-मे हेच टंचाईचे महिने. गावातल्या बायका हंडे घेऊन उभ्या असताना टँकरभर पाणी ट्रॅकवर ओतायचे, याला त्यांनी एका वर्षी स्पष्ट हरकत घेतली, आणि ती हरकत रास्त होती. त्या वर्षी शर्यत झाली नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाल्यावर त्याच घरांतली मुले झेंडे धरायला आली.

ट्रॅक बंद कसा पडला, हे थोडक्यात सांगता येते. शहर वाढत गेले, जमिनीचे भाव वाढले, ज्या कुटुंबाची ती पडीक जमीन होती त्यांच्यात वाटण्या झाल्या आणि बिनशेती प्लॉट पडले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. इतकी वर्षे त्यांनी ती जागा नाममात्र मोबदल्यात वापरू दिली होती. आर एक्स १०० चे उत्पादन १९९६ साली थांबले, पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आणि घासून-पुसून गाडी तयार करणाऱ्यांच्या हाताखाली नवीन मुले येणे हळूहळू बंद झाले.

नंतर नाशिकमध्ये राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्याही झाल्या, त्या मी आनंदाने पाहिल्या. पण अशा वेळी मैदानावर ट्रकने माती आणून उड्या उभारतात आणि स्पर्धा संपताच ती माती उचलली जाते. एखाद्या मुलाला आडवारी संध्याकाळी जाऊन तेच वळण पुन्हा पुन्हा घेता यावे, अशी जागा त्यातून तयार होत नाही. २०१५ साली डकार ही वाळवंटातली खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरलेला सी. एस. संतोष मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यती) आणि सुपरक्रॉसच्या मातीतूनच पुढे गेला. अशी मुले घडवायची, तर सरावाची माती कायमची लागते.

या प्रश्नाला जोडूनच, पुन्हा असे काही होईल का, असेही तुम्ही विचारता. होऊ शकते, असे मला मनापासून वाटते. काही एकर पडीक जमीन, वस्तीपासून पुरेसे अंतर, चांगला मुरूम, जुन्या टायरांच्या भिंती आणि शर्यतीच्या दिवशी डॉक्टरसह रुग्णवाहिका, एवढी तयारी लागेल. स्पर्धा अधिकृत हवी असेल तर देशातील मोटारस्पोर्टची संघटना एफएमएससीआय हिची परवानगी घ्यावी लागेल. पाण्यासाठी आता पिण्याच्या टँकरकडे पाहण्याची गरज नाही, मलनिस्सारण केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी या कामाला पुरते. जागा मिळाली की मला कळवा. मुरूम विकत घेण्याआधी मात्र थांबा. खाणीवर मी तुमच्याबरोबर येईन.