सब्स्टिट्यूट चालेल का?

मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर माझं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘ही कंपनी नाही, पण कंटेंट तोच आहे, देऊ का?’ त्यामुळेच असेल, व्हिस्कीच्या कॉकटेलांमध्ये माझा जीव सॅझरॅकवर. ओल्ड फॅशन्ड आणि मॅनहॅटनचं नाव मोठं, मान्य. पण सॅझरॅकची कुळकथा थेट आमच्या धंद्यात जाते, आणि त्यातला मुख्य माल कधी ना कधी बदललेला आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या रॉयल स्ट्रीटवर आंत्वान पेशोचं औषधांचं दुकान होतं. घराणं फ्रेंच, आजच्या हैतीतून बाहेर पडलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा गृहस्थ एक कडू अर्क विकायचा. रंग लालभडक, आत जेन्शनचं मूळ, वर बडीशेपेच्या वळणाचा वास. जेन्शन म्हणजे आपल्या काडेचिराईताच्या कुळातलं. लहानपणी तापात ज्यांनी तो काढा प्यायलाय त्यांना जास्त सांगायला नको. पेशो हे थेंब ब्रँडीत घालून गिऱ्हाइकांना द्यायचा म्हणतात. औषध म्हणून दारू, यावर हसायचं काम नाही. आपल्या राज्यात पिण्याचा परवाना आजही ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणूनच मिळतो.

नाव आलं ते कॉन्यॅकवरून, म्हणजे द्राक्षांच्या फ्रेंच ब्रँडीवरून. ‘सॅझरॅक द फोर्ज ए फिस’ नावाची फ्रेंच कॉन्यॅक तिथे यायची, आणि 1850 च्या दशकात सॅझरॅक कॉफी हाऊस उभं राहिलं. नाव कॉफीचं, विक्री दारूची. मग 1860 च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागांत फिलॉक्सेरा शिरली. मुळातला रस शोषणारी ही बारीक कीड मूळची अमेरिकेचीच. वेली वाळल्या, कॉन्यॅक आटली आणि पेल्यात अमेरिकन राय व्हिस्की आली, राय नावाच्या धान्याची. गंमत म्हणजे फ्रेंच बागा वाचल्या त्याही अमेरिकन खुंटावर कलमं बांधून. आमच्या तासगाव-पलूसकडच्या बागायतदारांना खुंट समजावून सांगायला नको. त्यांचा डॉगरिज खुंटही तिकडचाच, फक्त इथे तो क्षारपड जमीन आणि पाण्याच्या टंचाईसाठी लावतात.

ही झाली आवडती गोष्ट. कागद मात्र जरा आडवा येतो : 1908 मध्ये छापलेल्या सॅझरॅकच्या कृतीत सरळ व्हिस्कीच आहे. कॉन्यॅकचा जमाना बराचसा नंतर रंगवलेला असावा, असं माझं मत.

दुसरा बदल सरकारी. पेल्याला आतून ॲबसिंथचा, म्हणजे बडीशेपेच्या वासाच्या कडक दारूचा, हात फिरवतात. ॲबसिंथमधली ती बदनाम वनस्पती म्हणजे जोतिबाला वाहतात त्या दवण्याची भावकी. माणसाला वेड लागतं अशी तिची ख्याती झाली, आणि 1912 मध्ये अमेरिकेत बंदी आली. पुढे दारूबंदीही आली. 1933 मध्ये ती उठली आणि 1934 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्येच ‘हर्बसेंट’ नावाचा बडीशेपी पर्याय बाजारात आला. ॲबसिंथ परत यायला 2007 उजाडलं. तोवर लोकांच्या जिभेला हर्बसेंटची इतकी सवय झाली होती की तिथले कित्येक जण अजून तेच वापरतात. काउंटरवर हे रोज बघतो. मूळ कंपनीचा माल परत आला तरी पेशंट म्हणतो, ‘नको, तेच द्या.’

आता कृती. दोन आखूड पेले घ्या. एकात बर्फ भरून तो गार व्हायला ठेवा. दुसऱ्यात साखरेचा एक क्यूब, चमचाभरापेक्षा कमी पाणी आणि पेशोच्या कडू अर्काचे तीन-चार झटके. साखर चिरडा. ती लाल होऊन विरघळली की 60 मिली राय ओता, बर्फ घाला आणि चमच्याने शांतपणे ढवळा. शेकर नको, त्याने पेय गढुळतं. पहिल्या पेल्यातला बर्फ फेका, ॲबसिंथचे थोडे थेंब टाकून पेला फिरवा, उरलेलं ओतून द्या. आता ढवळलेलं त्यात गाळा. पेल्यात बर्फ राहता कामा नये. बार्सवाले इथेच चुकतात, आणि वर धुराचं झाकण ठेवून हजार रुपये लावतात ते वेगळंच.

शेवटी लिंबाची साल पेल्यावर पिळायची, तेलाचा फवारा बसला पाहिजे. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ, तिला तो वास नाही. ईडलिंबू मिळालं तर उत्तम. पिळलेली साल आत टाकायची की नाही यावर तिकडे वाद आहेत. मी टाकत नाही.

राय मिळाली नाही तर बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की घ्या, थोडं गोड लागेल, पण चालेल. ॲबसिंथऐवजी पास्तिस ही बडीशेपी फ्रेंच दारूही चालेल. पेशोऐवजी अँगोस्टुरा हा दुसरा कडू अर्क मात्र माझ्याकडे मागू नका. भाचा न्यू जर्सीहून येताना लाल बाटली आणतो. ती संपली की मी सोडा घालून गप्प पितो.