तीन कोड, एक फोन

१९९७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. फ्लॅटमध्ये आम्ही तिघं: मी पुण्याचा, एक सोलापूरकर, एक नागपूरकर. तिघंही वायटूकेच्या, म्हणजे सन २००० ची तारीख कळावी म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायच्या, कामावर. फोन एकच, तोही माझ्या नावावर. बिल आलं की पानं टेबलावर पसरायची, प्रत्येक कॉलपुढे पेन्सिलीने 'पु', 'सो', 'ना' लिहायचं आणि भांडायचं.

त्यातून आम्हाला कोडांनी सोडवलं. १९८४ मध्ये एटीअँडटी या टेलिफोन कंपनीची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून अमेरिकेत लांबच्या कॉलसाठी कंपनी निवडता यायची. एक कंपनी लाइनला कायमची जोडलेली असे. पण नंबराआधी दुसरीचा कोड फिरवला, की तेवढा एक कॉल तिच्यामार्फत जाई. लोक हे पैसे वाचवायला करत. आम्ही केलं ते बिलासाठी, कारण प्रत्येक कंपनीचा हिशेब त्याच पाकिटात पण वेगळ्या पानावर येई. ठरलं, ज्याचा कोड त्याचं पान!

मी १०-२८८ घेतला. फोनच्या बटणांवर २८८ म्हणजे ए-टी-टी, विसरायची सोयच नाही. नागपूरकराने स्प्रिंट कंपनीचा १०-३३३ धरला. १९९८ मध्ये कोड अपुरे पडायला लागले म्हणून ते लांबवले: १०१ आणि पुढे चार आकडे. जुन्या तीन आकडी कोडांआधी शून्य लागलं आणि १०-२८८ चा १०-१०-२८८ झाला. जाहिरातींमधलं ते 'टेन-टेन' आलं ते या शून्यामुळे. आता पुण्याला फोन म्हणजे १०१०२८८, मग परदेशी कॉलचा ०११, मग भारताचा ९१, मग पुण्याचा तेव्हाचा २१२, मग घरचे सहा आकडे. एकूण एकवीस. विसाव्याला बोट घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. थंडीत रात्री साडेनऊला लावायचो, तिकडे सकाळचे आठ. आई आधी चहाचा गॅस बंद करून यायची.

सोलापूरकर मात्र एका कोडावर टिकेना. टीव्हीवर ३२१ आणि २२० च्या जाहिरातींचा मारा असायचा. दोन्ही कोड एमसीआय या बड्या फोन कंपनीच्याच पोटातल्या टेलिकॉम यूएसएचे, पण जाहिरातीत एमसीआयचं नाव काढायचे नाहीत. मग एटीअँडटीनेही 'लकी डॉग' नावाने ३४५ काढला. असले बरेच कोड फिरत होते, आणि त्यातल्या एकाने (कुठल्या ते राहू दे) याला धुतलं. त्याच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांचा पीपी नंबर, म्हणजे निरोप देऊन बोलवून घ्यायचं. 'काकू, आईला बोलवा,' एवढं म्हणून ठेवायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावायचं. त्या अर्ध्या मिनिटालाही किमान आकार पूर्ण. महिनाभर त्याने 'आईला बोलवा' याचेच पैसे भरले.

एकदा माझ्याच पानावर ९१-७१२ दिसला. नागपूर, त्रेचाळीस मिनिटं. नागपूरकराच्या घरचा नंबर आम्हाला पाठ होता, हा तो नव्हता. तासभर कबूल होईना. मग म्हणाला, 'माझ्या पानावर दिसला असता तर या सोलापूरकराने जीव खाल्ला असता. तू तर पान न वाचताच चेक फाडतोस.'

साखरपुडा मेमध्ये होता म्हणे. पैसे त्याने लगेच काढून दिले. सोलापूरकराला मी सांगितलं नाही, पण पान टेबलावरच राहिलं होतं.