आंबट वासाची गोळी

ऐन पावसाळ्यात आईचा औषधांचा डबा आवरायला घेतला. डबा मूळचा श्रीखंडाचा. तळाशी ॲस्पिरिनची एक फाटकी पट्टी सापडली, कधीची कोण जाणे. गोळ्यांवर बारीक सुयांसारखे स्फटिक आलेले. नाकाशी धरली तर चक्क व्हिनेगर! चायनीजच्या गाडीवर मिरच्या घातलेली बाटली असते ना, अगदी तोच वास.

ॲस्पिरिन म्हणजे सॅलिसिलिक आम्लाला मारलेली ॲसिटिल नावाच्या अणुगटाची गाठ. दमट हवेतलं पाणी ती गाठ हळूहळू सोडवतं. सुटतं ते ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा वास. मागे उरतं मूळचं सॅलिसिलिक आम्ल.

या औषधाची सुरुवातही ओलीतलीच. १७६३ मध्ये इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्र धाडलं. विलोच्या झाडाची साल चाखली तर हिवतापावरच्या सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली. कडू ते औषध, हा आपल्या आज्यांचाच न्याय! शिवाय, दलदलीत हिवताप होतो आणि विलोही तिथेच वाढतो, तेव्हा देवाने रोगाशेजारीच उतारा ठेवला असणार, असं त्याचं म्हणणं. त्याने साल पाववाल्याच्या भट्टीबाहेर तीनेक महिने वाळवली, कुटली आणि सुमारे ५० रोग्यांना दिली. तर्क लंगडा, गुण मात्र आला. (आपल्या नदीकाठचा वाळुंज या विलोचाच भाऊबंद.)

पुढे सालीतल्या द्रव्यापासून सॅलिसिलिक आम्ल हाती आलं. ताप उतरे, सांधे मोकळे होत, पण पोटात आग पडे. १८९७ मध्ये बायर या जर्मन कंपनीत फेलिक्स हॉफमनने त्याला ॲसिटिलची ती गाठ नीट मारली. संधिवाताने बेजार वडिलांसाठी मारली, असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मला आर्थर आयखेनग्र्यून विसरवत नाही. त्याच कंपनीतला हा ज्यू रसायनतज्ज्ञ नाझी छळछावणीतून वाचला आणि १९४९ मध्ये त्याने लिहिलं की ते काम माझ्या सांगण्यावरून झालं. त्याच वर्षी तो गेला.

गोळी दुखणं थांबवते कशी, हे जॉन व्हेन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने दाखवलं थेट १९७१ मध्ये. दुखण्याची वर्दी देणारी प्रोस्टाग्लँडिन शरीरात तयारच होऊ देत नाही ती.

आईला हे सगळं रंगवून सांगितलं. उरलेलं आम्ल कुरूपाच्या पट्टीत असतं, हेही सांगून बसलो. तिने पट्टीचा वास घेतला आणि म्हणाली, "मग टाकतोस कशाला? माझ्या कुरूपावर कुटून लावू की!"

पट्टी तिच्या हातातून काढून घ्यायला बराच वेळ लागला.