वारा बघून गाडी काढायची

पहिला आराखडा मी हावरटासारखा केला होता. पक्षी बघायला दहा दिवसांत दक्षिण स्पेनमधली दोन्यानाची पाणथळ, तारिफाचा किनारा, ग्रासालेमाचे डोंगर, सगळं बसवलं. मग कळलं की दोन्यानाची दलदल पावसावर भरते आणि उन्हाळ्यात आटते. ऑगस्ट 2022 मध्ये तर तिथलं सान्ता ओलाया हे कायम पाण्याचं मोठं तळंसुद्धा कोरडं पडलं होतं. बायको म्हणाली, "भेगाळलेली जमीनच बघायची तर सोलापूर काय वाईट?" दोन्याना कटलं.

तारिफा मात्र सप्टेंबरचंच. इथे आफ्रिका जेमतेम 14 किलोमीटरवर. समुद्रावर गरम हवेचे झोत उठत नाहीत, म्हणून हिवाळ्यासाठी आफ्रिकेला तरंगत जाणारे शिकारी पक्षी या चिंचोळ्या जागीच समुद्र ओलांडतात. पांढरे करकोचे बहुतेक ऑगस्टमध्येच जातात, त्यांच्यावर पाणी सोडलं. आम्हाला हवा होता सापमार गरुड, म्हणून महिन्याचा मधला आठवडा धरला.

खरी गंमत शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची. त्यांना रोजचा मुक्काम लिहून हवा, आणि पक्षी तर वाऱ्याच्या मर्जीवर! शेवटी तारिफातच सलग सात रात्री घेतल्या, रद्द करता येणाऱ्या. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढला आणि अर्ज टाकला.

पहिले दोन दिवस लेवांते, म्हणजे पूर्वेचा वारा, असा सुटला की दुर्बीण धरवेना. पक्षी अडून बसले. आम्ही जवळच्या वेहेर गावी गेलो. तिथे रस्त्यालगतच्या कड्यावर टकल्या आयबिसची वसाहत आहे. आपल्या काळ्या शराटीच्या कुळातला हा पक्षी. 2004 पासून पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून त्याला या भागात परत आणलंय. कडा रिकामा! विणीचा काळ कधीच सरला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. बार्बातेजवळच्या कुरणात पाच सापडले, गुरांमध्ये निवांत चरत.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. पूर्वेचा वारा असला की कासायाच्या निरीक्षणस्थळावर, पश्चिमेचा असला की आल्गारोबोला जायचं, हे वाचून ठेवलं होतं. झुळूक अजून पूर्वेचीच होती, म्हणून कासाया. दहा वाजता पहिला गरुड, अकराला एकवीस, मग मोजणं बायकोकडे दिलं. सोलापूरच्या माळावर एक दिसला तरी मी घरी फोन करतो.

ग्रासालेमात गिधाडं भरपूर, पण एक दिवस कमीच पडला. दोन्यानाची फाइल फेब्रुवारीसाठी पुन्हा उघडली आहे.