तुम्ही विचारलंत म्हणून: सोन्याच्या छावण्यांतले कागद खरे कसे ओळखायचे?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, कॅलिफोर्निया-नेव्हाडातल्या सोन्याच्या खाणींच्या हुंड्या, पावत्या, शेअर सर्टिफिकेटं विकत घेताना खरी कुठली आणि हल्ली छापलेली कुठली, हे कसं ओळखायचं? हा प्रश्न वारंवार येतो. कागद किती जुना दिसतो याला फार महत्त्व देऊ नका. तपकिरी रंग चहाच्या पाण्यानेही येतो. तारीख, महसुली तिकीट (कर भरल्याची खूण) आणि आकडे यांचा मेळ बसतो का, ते बघा.

आधी तिकीट. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकी सरकारने १८६२ साली कागदपत्रांवर कर बसवला. नव्या शेअर सर्टिफिकेटला २५ सेंटचं महसुली तिकीट लागे, चेकला २ सेंटचं. १८७२ मध्ये बाकीचे कर गेले, चेकचा मात्र १८८३ पर्यंत राहिला. तेव्हा १८५५ च्या चेकवर हे तिकीट असेल, तर ते मागाहून कोणीतरी डकवलंय. (कॅलिफोर्निया राज्याची स्वतःची तिकिटं १८५७ पासून होती, ती वेगळी.) १८६६ च्या सर्टिफिकेटवर तिकिटाच्या जागी नुसता फिकट चौकोन उरला असेल, तर तिकीट कोणीतरी काढून घेतलंय. कागद खरा असू शकतो, पण पूर्ण किंमत मोजू नका.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे सोन्याचा कस लावल्याची पावती. वितळवण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, हजारात सोनं किती, चांदी किती, आणि किंमत डॉलरमध्ये. शुद्ध सोन्याचा भाव ट्रॉय औंसाला (सोनं तोलायचं माप) २०.६७ डॉलर असा बांधलेला होता. म्हणजे १० औंसांची लगड आणि कस ८८० असेल, तर शुद्ध सोनं ८.८ औंस आणि त्याचे १८१ डॉलर ९० सेंट. पावती हातात आली की हे गणित मांडाच. चांदीची किंमत वेगळी मिळवलेली असेल, मजुरी कापलेली असेल, तेही धरा. वितळवल्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर कागद परत करा: भुकटीतली माती-वाळू जळून, गाळून निघते, वजन कमीच व्हायचं.

सान फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कवर काढलेल्या हुंडीवर 'सेकंड' छापलेलं बघून पुष्कळजण ती नक्कल समजून सोडून देतात. हे चुकीचं आहे. जहाज बुडालं तरी पैसे मिळावेत म्हणून एकाच रकमेच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या टपालाने जात. एकीचे पैसे चुकते झाले की बाकीच्या रद्द. आपल्याकडे मूळ हुंडी हरवल्यावर पेठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, लिहीत, तिथे सगळ्या प्रती आधीच तयार असत. तारीख मात्र तपासा: ॲडम्स अँड कंपनीची कॅलिफोर्नियातली पेढी फेब्रुवारी १८५५ मध्ये बुडाली, त्यानंतरची तिची हुंडी संशयास्पद.

हस्ताक्षर दहापट भिंगाखाली धरा. त्या काळची माजूफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई कागदात मुरते, मागे तपकिरी उमटते, जाड रेघेवर कागद खातेही. अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची दिसली, तर ती छपाई आहे. अतिनील टॉर्चखाली निळसर पांढरा चमकणारा कागद बहुधा १९५० नंतरचा.

जपणूक पॉलिएस्टरच्या पाकिटात करा, पीव्हीसीत नको; लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर अजिबात नको. मुंबई-कोकणात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि निळ्याचं गुलाबी झालं की बदला. डाग पुसायला ओला कापूस लावू नका, पाण्याबरोबर शाईतलं आम्ल आजूबाजूच्या कागदात पसरतं.