पिनियनचे दाते आणि खान्देशचा उन्हाळा

गेल्या एप्रिलमध्ये बांभोरीच्या पुलाजवळ, गिरणेच्या कोरड्या पात्रात माझ्या एक दशांश मापाच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, ट्रकची मोटर जळाली. सकाळचे साडेदहा झाले होते आणि ट्रक दहा-बारा मिनिटे उत्तम पळाला होता. मग मऊ वाळूच्या एका ढिगावर चढताना तो अडखळला, मी ट्रिगर आणखी दाबला, चाके अर्धी रुतली, आणि पुढच्या क्षणी जो वास आला तो ओळखायला मला वेळ लागला नाही. अमळनेरला माझ्या मामांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरींवरच्या आणि बोअरमधल्या पाणबुडी मोटरी उन्हाळ्यात त्यांच्याकडे रांगेने येतात, आणि ओट्यावर त्या उघडल्या की जळालेल्या वार्निशचा असाच उग्र, घशाला लागणारा वास सुटतो.

त्याच आठवड्यात मी ती मोटर घेऊन अमळनेरला गेलो. "काय व्हयनं भाचा?" म्हणत मामांनी ती तळहातावर घेतली, नाकाजवळ नेली आणि विचारले, "किती अँपिअर घेत होती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ट्रकचा वेग, बॅटरीचे सेल, मोटरचे केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे) हे सारे मला तोंडपाठ होते. पण मोटर किती करंट ओढते, हे मी दोन वर्षांत एकदाही मोजले नव्हते. शेतकरी जळालेली मोटर घेऊन आला की मामा त्यालाही हाच प्रश्न विचारतात, आणि व्होल्टेज पडले होते, पंपात गाळ अडकला होता की एक फेज गेला होता, याचा अंदाज बहुधा मोटर उघडण्याआधीच बांधतात. माझी मोटर भरून देणे मात्र त्यांच्या हातचे नव्हते. तिची जाड तार मोजक्या वेढ्यांत दाबून बसवलेली होती आणि वरून राळ ओतलेली होती; ती उकलायची म्हणजे स्टेटर (तार गुंडाळलेला, न फिरणारा भाग) फोडायचाच.

मामांच्या प्रश्नामागचे तत्त्व जुने आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल याने १८४१ मध्ये मांडले. समजा मोटरच्या वाइंडिंगचा रोध ०.०१ ओहम आहे. ४० अँपिअर करंटला त्यात १६ वॅट उष्णता होते, तर ८० अँपिअरला ३२ नव्हे, ६४ वॅट. दोनशे ग्रॅम वजनाच्या मोटरीला हे ६४ वॅट बाहेर टाकायला वाट मिळाली नाही, तर तिचे तापमान एका मिनिटात सुमारे ४० अंशांनी चढते. त्यात तांबे तापले की त्याचा रोधही वाढतो. २५ अंशांवरून १०० अंशांवर गेलेल्या तारेचा रोध जवळजवळ ३० टक्के जास्त असतो, म्हणजे तेवढ्याच करंटला आणखी उष्णता. रुतलेल्या चाकांची मोटर तर फिरतच नाही. बॅटरीतून आलेल्या ऊर्जेचे काहीच काम होत नाही आणि सगळी ऊर्जा तारेत मुरते. वाळूच्या ढिगावर मी ट्रिगर धरून ठेवला ते पाच-सहा सेकंद म्हणूनच महागात पडले. पण ते केवळ निमित्त होते. त्याआधीच्या बारा मिनिटांत मोटर अर्धी मेलेली होती, आणि तिला मारणारा होता मीच बसवलेला पंधरा दात्यांचा पिनियन.

मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर म्हणजे पिनियन आणि त्याच्याशी जुळणारा मोठा गिअर म्हणजे स्पर, हे या छंदातील वाचकांना सांगायला नको. नव्या माणसाने एवढे लक्षात ठेवावे की पिनियन मोठा केला की वेग वाढतो, आणि तो वाढतो मोटरच्या जिवावर. चाकाला लागणारा जोर जमीन आणि वजन ठरवतात. तो जोर देण्यासाठी मोटरला किती पीळ (टॉर्क) द्यावा लागेल हे गिअरचे गुणोत्तर ठरवते. आणि पीळ करंटच्या प्रमाणात असतो. त्यामुळे त्याच जमिनीवर, त्याच ट्रकचा करंट साधारणपणे पिनियनच्या दात्यांच्या प्रमाणात वाढतो. माझ्या ट्रकचा स्पर ५४ दात्यांचा आहे आणि डिफरन्शिअलपर्यंतचे आतले गुणोत्तर २.८ आहे. पंधरा दात्यांच्या पिनियनवर एकूण गुणोत्तर १०.०८ येते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर दहा फेरे घेते. ३५०० केव्हीची मोटर, तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी आणि ११० मिलिमीटर व्यासाचे टायर धरले, तर कागदावरचा वेग ताशी ८० किलोमीटर निघतो. हा आकडा पाहूनच मी तो पिनियन घेतला होता, हे कबूल करायला हवे. गिरणेच्या वाळूत ताशी ८० किलोमीटर वेगाने काय करायचे होते, हे मात्र तेव्हा मला कोणी विचारले नाही.

ट्रकसोबत येणाऱ्या पुस्तिकेतही पंधरा दात्यांना मुभा होती. पुस्तिका चुकीची नव्हती. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुठलीशी हिरवळ आणि पंचविशीतली हवा असावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि ट्रकच्या बंद बॉडीखालची हवा त्याहूनही तापलेली असते. मोटरचे बाहेरून मोजलेले तापमान ८० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये, असा एक सर्वसाधारण संकेत आहे. हवा २५ अंशांची असेल तर मोटरला तापायला ५५ अंशांची जागा मिळते; हवा ४५ अंशांची असेल तर ३५ अंशांचीच. मोटर आसपासच्या हवेहून जितकी जास्त तापलेली असते, ढोबळमानाने तितकीच उष्णता ती बाहेर टाकू शकते. म्हणजे मे महिन्यात आपल्या मोटरला परवडणारी उष्णता ५५ ला ३५ या प्रमाणात, जवळजवळ ६४ टक्क्यांवर येते. उष्णता करंटच्या वर्गाशी बांधलेली असल्यामुळे करंट मात्र ०.६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८० टक्क्यांवर आणावा लागतो. आणि करंट दात्यांच्या प्रमाणात असेल तर पंधराचे ८० टक्के म्हणजे बारा.

हे गणित मी अमळनेरहून परत येताना पॅसेंजरमध्ये तिकिटाच्या मागे मांडले आणि उत्तर पूर्णांकात आले तेव्हा मला उगीचच आनंद झाला. लोखंडातली फेरफाराची झीज (चुंबकत्व सतत उलटसुलट होताना वाया जाणारी ऊर्जा), बेअरिंगचे घर्षण, वारा हे सारे त्यात सोडून दिलेले आहे, त्यामुळे ते काटेकोर नाही. पण दिशा आणि माप दोन्ही बरोबर निघाले. नव्या मोटरवर बारा दात्यांचा पिनियन बसवला, तेव्हा एकूण गुणोत्तर १२.६ झाले आणि कागदावरचा वेग ताशी ६४ किलोमीटरवर उतरला. त्याच पात्रात, मे महिन्यातल्या सकाळी, पंधरा मिनिटांनंतर मोटर ७४ अंशांवर थांबली. ढिगावर ट्रक पूर्वीपेक्षा सहज चढतो हा वरचा लाभ. पीळ वाढला की तो मिळणारच.

करंट मोजण्यासाठी मी बॅटरी आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) यांच्यामध्ये बसणारा लहान वॉटमीटर घेतला, आणि त्याने मला महिनाभर फसवले. वाळूत हळू चालवताना मीटर वीस अँपिअर दाखवी आणि मोटर तर भाजत असे. कारण पुढे कळले. ईएससी बॅटरीचे व्होल्टेज तोडून तोडून मोटरला देते. अर्ध्या ट्रिगरवर मोटरला साधारण अर्धे व्होल्टेज मिळते आणि तिच्या तारेतला करंट बॅटरीतल्या करंटच्या जवळजवळ दुप्पट असतो. मीटरवर वीस दिसतात तेव्हा वाइंडिंगमधून चाळीस जात असतात. म्हणूनच जड वाळूत किंवा खडकांवर सावकाश चालवणे मोटरला विश्रांतीचे वाटत नाही, उलट तेच तिला जास्त तापवते. शिवाय फेरे कमी असल्यामुळे मोटरच्या दांड्यावरचा पंखाही नुसता नावाला फिरतो. मीटर पूर्ण ट्रिगरच्या वेळीच खरे बोलतो, हे ध्यानात ठेवून तो वापरावा.

तापमान मोजण्यातही एक खोच आहे. पिस्तुलासारखी दिसणारी इन्फ्रारेड तापमापके आता सहज मिळतात, पण चकचकीत ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ती खूपच कमी आकडा दाखवतात, कारण असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता थोडीच उत्सर्जित करतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. मोटरच्या अंगावर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला की आकडा विश्वासार्ह येतो. ट्रक थांबवल्यावर लगेच एकदा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे. आतल्या तारेची उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि माझ्या अनुभवात दुसरा आकडा पहिल्यापेक्षा पाच-सात अंशांनी चढा येतो. बोट लावून पाहण्याची पद्धत मी सोडली आहे. ६० अंशांवरच बोट मागे येते, त्यामुळे ६० आणि १०० यांतला फरक त्याला कळत नाही.

पंख्याबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही. मोटर तापते म्हटले की पहिला सल्ला हीटसिंक आणि जोडपंखा लावण्याचा मिळतो, आणि तो चुकीचा नाही. पण ४५ अंशांची हवा अंगावर मारणारा पंखा मोटरला ४५ अंशांच्या खाली कधीच आणू शकत नाही, आणि नदीपात्रातली बारीक धूळ आठवडाभरात त्याची बेअरिंगे खाऊन टाकते. पिनियनचे तीन दाते कमी करणे म्हणजे आग न लावणे आणि पंखा लावणे म्हणजे लागलेल्या आगीवर वारा घालणे, असे मी मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात. बॉडीला मागच्या बाजूने दोन खिडक्या कापल्या की गरम हवेला बाहेर पडायला वाट मिळते. त्या मात्र जरूर कापाव्यात.

दाते कमी करत जाण्यालाही तळ आहे. मी दहा दात्यांपर्यंत उतरून पाहिले, तेव्हा तापमान घटण्याऐवजी दोन-तीन अंशांनी पुन्हा वाढले. मोटर सतत कमाल फेऱ्यांवर ओरडत होती, आणि फेरे वाढले की स्टेटरच्या लोखंडातली झीज वाढते. शिवाय वेग कमी वाटत असल्यामुळे माझे बोट ट्रिगरवरून हलत नव्हते. ईएससीमधले टायमिंग (मोटरच्या तारांना करंट किती आधी द्यायचा ते) वाढवलेले असेल तर हेच आणखी लवकर घडते. माझ्याकडे ते उन्हाळाभर सर्वांत खालच्या पायरीवर असते.

गिअर नीट जुळलेले नसतील तर वरचे सारे हिशेब पाण्यात जातात. पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करावी आणि मग पट्टी काढून घ्यावी. तेवढी फट पुरते. टायर बदलणे म्हणजे गिअर बदलणेच आहे, हेही बरेच जण विसरतात. ११० ऐवजी १२५ मिलिमीटरचे टायर चढवले की बाराचा पिनियन साडेतेराहून जास्त दात्यांसारखा वागू लागतो. पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर ट्रक नेला, तर आपली काळी माती टायरला लगडून व्यास आणि वजन दोन्ही वाढवते, आणि पाच मिनिटांत चारही चाकांचे लाडू होतात. मृगाच्या पावसानंतर ट्रक मी माती वाळेपर्यंत घरी ठेवतो, आणि अगदीच राहवले नाही तर अकराचा पिनियन लावून नदीकडेच जातो. डिसेंबरात, सकाळी हवा पंधरा अंशांवर असताना, तोच ट्रक पंधरा दात्यांवर मोटरला ७० अंशांच्या आत ठेवतो. लिथियम बॅटरीविषयी एवढेच की ती ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि मे महिन्यात बंद कारमध्ये ठेवू नये.

जळण्याच्या थोडे अलीकडे थांबलेल्या मोटरीचे एक लक्षण मामांनाही नवे होते, कारण त्यांच्याकडच्या पाणबुडी मोटरींच्या रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) कायमचे चुंबक नसते. आपल्या ब्रशलेस मोटरीत निओडिमियमचे चुंबक असते. त्याच्या साध्या प्रतीचे चुंबकत्व ८० अंशांच्या पुढे कायमचे घटू लागते, आणि चढ्या प्रतीचे १५० अंशांपर्यंत टिकते. चुंबक मंदावलेली मोटर हवेत चाके उचलून फिरवली तर पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते, आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात तिचा केव्ही वाढलेला असतो आणि दर अँपिअरमागचा पीळ घटलेला असतो, म्हणून त्याच चढावर ती जास्त करंट ओढते, जास्त तापते आणि चुंबक आणखी मंदावते. आता नवी मोटर आणली की मी पिनियन काढून ती मोकळी फिरवतो, रिकाम्या फेऱ्यांचा करंट वॉटमीटरवर पाहतो आणि तो आकडा मोटरच्या डब्यावर तारखेसह लिहून ठेवतो. बारा दात्यांवर चालणाऱ्या मोटरचा आकडा मे महिन्यात २.१ अँपिअर होता. परवा दिवाळीच्या सुट्टीत मामा जळगावला आले होते, तेव्हा त्यांनी डबा हातात घेऊन विचारले, "आता किती घेते?" मी तिथेच मोटर काढून जोडली. मीटरवर २.१ आले.