माहुलीला जाताना पाठीवर काय घ्यावं

भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली यादी वाचून मला वाटलं, हा आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याला नाही, हिमालयातल्या केदारकंठ्याला निघालाय. डाउन जॅकेट, थर्मल्स, गेटर्स, वॉटरप्रूफ बूट, दोन ट्रेकिंग पोल, साठ लिटरची सॅक. सगळ्यात खाली हेडटॉर्च आणि शिट्टी. शेवटच्या दोन वस्तू मी ठेवल्या, बाकीच्यांवर काट मारली.

"अगं मावशी, सगळे हेच सांगतात."

सांगतात खरं. पण ते बर्फाचं सांगतात. आम्ही निघालो होतो पितृपक्षातल्या रविवारी, आसनगावला. त्या दिवसांत सह्याद्रीत सकाळी दहाला ऊन चटके देतं, दुपारी दोनला ढग दाटतात आणि परतीचा पाऊस गडगडाट करत येतो. थंडीचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो घामाचा, ओल्या दगडाचा आणि अंधाराचा. या तिघांसाठी जे लागतं ते घ्यायचं. बाकीचं ठाण्यातच राहू द्यायचं.

आधी बूट. स्टेशनजवळच्या दुकानात मी त्याला मुद्दाम संध्याकाळी नेलं. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, डोंगरातही फुगतात. सकाळी नेमका बसणारा बूट दुपारच्या उतारावर बोटं चेपतो. मोजेही ट्रेकला घालणार तेच, जाडसर. बूट घालून, नाडी बांधून त्याला दुकानाच्या दोन पायऱ्या उलटसुलट चढ-उतर करायला लावल्या. उतरताना अंगठा पुढे आपटला तर अर्धा नंबर मोठा हवा, चढताना टाच आत वरखाली झाली तर तो जोडच नको. दुकानदार कंटाळला, पण बूट योग्य मिळाला.

वाद झाला तो वॉटरप्रूफवरून. दुकानदार म्हणाला, पावसाळा आहे, वॉटरप्रूफच घ्या. भाच्याचाही जीव त्याच्यातच अडकला होता. माझं मत वेगळं आहे आणि ते ऐकवल्याशिवाय मी त्या दोघांनाही सोडलं नाही. माहुलीच्या पायथ्याला ओढा आहे. पावसाळ्यात त्यात पाणी घोट्याच्या वर असतं. म्हणजे पाणी कापडातून नाही, बुटाच्या तोंडातूनच आत येणार. आणि आत आलेलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही हेच वॉटरप्रूफ बुटाचं काम! मग दिवसभर पाय डबक्यात. चामडी पांढरी, मऊ पडते, आणि मऊ पडलेल्या चामडीला फोड यायला वेळ लागत नाही. आपल्याकडे पावसात पाय भिजणारच. बूट असा हवा की चार पावलं टाकली की पाणी बाहेर पडेल आणि उन्हात तासाभरात बऱ्यापैकी सुकेल. जाळीदार कापडाचा, हलका, खाली मऊ रबर आणि खोल खाचा. कडक प्लास्टिकसारखा तळवा चिखलात ठीक चालतो, ओल्या कातळावर घसरतो. सह्याद्रीत फिरणारे कित्येक जण वर्षानुवर्षं अ‍ॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूटच का वापरतात, त्याचं कारण स्वस्ताई एवढंच नाही. हिरव्या शेवाळावर मात्र कुठलाच तळवा टिकत नाही. तिथे बूट नाही, नजर लागते.

भाच्यानं शेवटी साधे घेतले. उरलेल्या पैशांत मोज्यांचे दोन जोड आले. एक पायात, एक प्लास्टिकच्या पिशवीत. जेवणानंतर कोरडे मोजे घालायचं सुख काय असतं ते त्याला माहुलीवर कळलं.

रेनकोटचंही तसंच. हजारोंची जॅकेटं असतात, श्वास घेणारी म्हणतात त्यांना. त्यांचं गणित असं की आतला दमट वाफारा बाहेरच्या कोरड्या हवेकडे जातो. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवाच चिंब असते, वाफारा जाणार कुठे? चढणीवर जॅकेटच्या आत घामानं भिजायचं की बाहेर पावसानं, एवढीच निवड उरते. मी चढताना पावसानंच भिजते. एक पातळ विंडचीटर सॅकमध्ये असतो, तो थांबल्यावर, माथ्यावरच्या वाऱ्यात घालायचा. ओल्या अंगाला वारा लागला की सप्टेंबरातही दात वाजतात. कोरडं राहायला हवं ते सॅकमधलं सामान. त्यासाठी सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालायची आणि सगळं त्यात भरायचं. वरून घालायचं रेनकव्हर पाठीकडून उघडंच असतं, मानेवरून ओघळणारं पाणी बरोबर तिथून आत शिरतं. काळी पिशवी अगदी स्वस्त, पण एवढी कामाची दुसरी वस्तू माझ्या सॅकमध्ये नाही.

जीन्स नको, हे तर सगळेच सांगतात. तरी दर ट्रेकला कुणीतरी घालून येतंच.

ऐरोलीची माझी मैत्रीण ट्रान्स-हार्बरनं ठाण्याला आली आणि आम्ही तिघं पहाटेची कसारा लोकल पकडून बसलो. तिच्या पायात भारी परदेशी बनावटीचे बूट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिमालयीन ट्रेकसाठी घेतलेले, तेव्हापासून खोक्यात. "नवेच आहेत गं, फारसे वापरलेच नाहीत," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. दिसायला ते खरंच नवे होते.

आसनगावला उतरून रिक्षानं माहुली गाव. हा सगळा भाग तानसा अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि मंदिरापाशी वाटाड्या मामा भेटले. शेतात हळव्या भाताच्या लोंब्या बाहेर पडल्या होत्या. बांधावर एक म्हातारी डोक्यावर प्लास्टिकचा कागद खोपीसारखा दुमडून वाकली होती. पूर्वी तिथे पानांचं इरलं असायचं. पाठ झाकायची, हात मोकळे ठेवायचे, हवा खालून खेळती राहायची. कुठल्याही पॉन्चोपेक्षा हे डोकं शहाणं आहे.

मामांच्या पायात प्लास्टिकचे सँडल, कमरेला कोयता. त्यांनी आमच्या बाटल्या मोजल्या.

"ताई, माणशी किती?"

"तीन लिटर."

"बरं केलं. वरच्या टाक्याचं पाणी पिऊ नका आता. आणि सेंट मारला असंल कुणी तर इथंच धुवा."

भाचा हसला, मग ओशाळला. त्यानं सकाळी डिओ मारला होता. मामांनी त्याला खरंच ओढ्यावर नेऊन मान धुवायला लावली. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मधमाश्या उठून माणसं जखमी झाल्याच्या बातम्या येतच असतात. काय घ्यावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. काय मारू नये, हे त्यांत क्वचित लिहिलेलं असतं.

चढण सरळ सोंडेवरची. पहिला तास झाडीत वाऱ्याची झुळूक नाही. अंगातून घाम असा निथळतो की तहान लागायच्या आतच पाणी कमी पडलेलं असतं. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. नुसतं पाणीही पुरत नाही, घामाबरोबर मीठ जातं आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्ये कालवायची. अर्ध्या लिटरमध्ये कालवून ती 'स्ट्राँग' करू नये, त्यानं उलट त्रास होतो. शिवाय मीठ लावलेली काकडी, गूळ-शेंगदाणे, पोळीची गुंडाळी. भाच्यानं आणलेले प्रोटीन बार उन्हात विरघळून कागदाला चिकटले होते.

वाटेत तेरडा गुलाबी, सोनकी पिवळीधमक. दक्षिणेकडे भटोबा, नवरा, नवरी हे सुळके ढगात शिरत-निघत होते. तिथे जायचं तर दोर, हेल्मेट, हार्नेस आणि मुख्य म्हणजे ते वापरायला शिकवणारं कुणीतरी हवं. येत नसताना सॅकवर दोराचं वेटोळं लटकवून फिरणाऱ्यांचं मला भय वाटतं. असे दोर शेवटी कुणीतरी कुणालातरी धरायला देतं.

माथ्याखाली लोखंडी शिडी लागते. इथे साठ लिटरची सॅक असती तर डोक्यावरून वर आलेला तिचा भाग दगडाला अडला असता आणि माणूस मागे ढकलला गेला असता. आमच्या सॅका वीस-पंचवीस लिटरच्या, छातीचा आणि कमरेचा पट्टा असलेल्या. बाहेर काहीही लोंबत नव्हतं. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून काठीही आधी वर दिली.

वर महादरवाज्याचे अवशेष, पहारेकऱ्यांच्या देवड्या, टाकी. साधारण २८०० फुटांचा हा माथा. माहुली, पळसगड, भंडारगड असं किल्ल्यांचं त्रिकूटच आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी इथेच वेढलं आणि निजामशाही संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड गेला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला. तानशाचा जलाशय ढगांच्या फटीतून दिसला तेवढाच. आम्ही डबे उघडले.

दीडच्या सुमारास पहिला गडगडाट झाला. मामांनी आकाश पाहिलं आणि बसकण मारली. भाचा म्हणाला, पटकन उतरू या ना, शिडी तर इथेच आहे. शिडी इथेच होती म्हणूनच थांबायचं होतं, लोखंडाला धरून उघड्या कड्यावर वीज चमकताना कोण लटकणार? चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज आपल्याला गाठू शकेल इतकी जवळ असते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी जागा सोडायची नसते. आम्ही एकट्या झाडापासून, कड्याच्या काठापासून लांब सॅकांवर उकिडवे बसलो. गडगडाट थांबला असं वाटायचं आणि पुन्हा सुरू. विंडचीटर इथे कामी आले. शिडी उतरलो तेव्हा चार वाजायला आले होते.

आणि शिडीच्या खाली पंधरा मिनिटांवर मैत्रिणीच्या उजव्या बुटाचा तळवा निघाला. थोडासा नाही, टाचेपासून बोटांपर्यंत अख्खा. पाहतो तर मधला थर भाकरीच्या चुऱ्यासारखा भुगा झालेला. थोड्या वेळानं डावाही गेला.

हे सह्याद्रीत फार होतं, आणि ते वापरानं नाही, न वापरल्यानं होतं. पुष्कळ बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो आतल्या आत विघटित होत राहतो. बंद खोक्यात, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हे काम छान चालतं. वरून बूट नवाकोरा दिसतो. नेहमी वापरात असलेला बूट झिजतो, पण असा अचानक दगा सहसा देत नाही. जुना जोड असेल तर आदल्या आठवड्यात तळवा हातानं दुमडून, टाच ओढून बघायची आणि दोन दिवस रस्त्यावर चालून घ्यायचं.

माझ्या पाण्याच्या बाटलीभोवती रुंद चिकटपट्टी गुंडाळलेली असते. ओल्या बुटाला ती एकटी धरेना. मग जादा नाडीचा फास तळव्याखालून नेऊन घोट्याभोवती आवळला आणि त्यावर पट्टी. मामांनी कोयत्यानं कारवीची काठी तोडून दिली. दोन पोलांचं काम तिनं एकटीनं केलं, गुडघ्यावरचा भारही घेतला. तरी दर वीस मिनिटांनी बांधणी सैल होई. खाली झाडीत शिरलो तेव्हा साडेसहा वाजत आले होते. बाहेर उजेड होता, आत नव्हता.

भाच्यानं हेडटॉर्च लावला. मैत्रिणीनं मोबाइलचा उजेड काढला, पण एका हातात काठी, दुसऱ्यात फोन, मग झाड धरायचं कशानं? तिला मी माझा हेडटॉर्च दिला आणि आम्ही एकामागोमाग एक उतरलो. मामा पुढे, पानांवर काठी आपटत. या दिवसांत फुरसं, म्हणजे छोटा पण विषारी साप, वाटेवर असू शकतं. चावलंच तर आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, अवयव स्थिर ठेवून लवकरात लवकर सरकारी रुग्णालय गाठायचं. माझ्या औषधांच्या पिशवीत क्रेप बँडेज, मायक्रोपोरची कागदी चिकटपट्टी, जंतुनाशक आणि ज्याची त्याची रोजची औषधं असतात. सर्पदंशावर त्यातलं काही चालत नाही, तिथे फक्त गाडी चालते.

रेंज मध्येच येत-जात होती. फोनमध्ये ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि राज्यातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राची हेल्पलाइन साठवलेली असावी, पण रेंज नसेल तर शिट्टी. मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. ओरडण्यापेक्षा ती लांब जाते आणि घसा बसत नाही. भाच्याला ओढ्याजवळ ती वाजवून बघायची फार हौस आली होती. मामांनी नुसतं वळून पाहिलं.

गावात चहा झाला, मैत्रिणीनं आसनगावच्या बाजारात रबरी चपला घेतल्या आणि बूट तिथेच कचऱ्यात टाकले. गाडीत भाच्यानं बूट काढले, तेव्हा पलीकडच्या बाकावरच्या काकांनी जागा बदलली.

घरी आल्यावर त्याला एवढंच सांगितलं: बूट साध्या पाण्यानं धू, आतलं इनसोल बाहेर काढ, रद्दीचे बोळे कोंब, ते ओले झाले की बदल. कडक उन्हात नको, गॅलरीतल्या सावलीत ठेव. आणि खोक्यात तर अजिबात नको. आता दर रविवारी तेच बूट घालून तो उपवनपासून येऊरला जातो. त्याची आई म्हणते, एवढे महागाचे बूट रस्त्यावर झिजवतो.